हवेतल्या पाट्या

गोटीरामकाका सुचिताच्या ऑफिसात शिरले तेव्हा मी तिथंच बसलो होतो, फायबर जोडायचं मशीन मागायला. माझं बिघडलं होतं, आणि आमच्या इंटरनेटच्या धंद्यात अडीनडीला एकमेकांचं मशीन मागायची पद्धत आहे. काकांनी चपला बाहेर काढल्या नाहीत. एरवी न चुकता काढतात, कारण सुचिताच्या टेबलामागं तिच्या नवऱ्याचा, कुंदनचा, हार घातलेला फोटो आहे आणि कुंदन त्यांचा सख्खा पुतण्या.

"पत्ता दे," ते म्हणाले.

"कुनाचा, काका?"

"तुला म्हाईत हाय कुनाचा."

माहीत मलाही होतं. सगळ्या बोनकोडे गावाला होतं. काकांची मुलगी मनस्वी घर सोडून गेली होती आणि तिनं सुगतशी कोर्टात लग्न केलं होतं. दोघांची गाठ पडली ती याच ऑफिसात. मनस्वी इथं तक्रारींचे फोन घ्यायची, सुगत शिडी खांद्यावर टाकून तारा ओढायचा. सुगत बौद्ध, आणि काका गावातले जुने आगरी, आता चार इमारतींचे मालक. पुढचं सांगायला नको. पोलिसांनी मुलीचा जबाब घेतला, सज्ञान आहे, स्वखुशीनं गेली आहे म्हणाले, आणि पत्ता द्यायला साफ नकार दिला. दोघं खारघरला पळाली असं गावात सगळे धरून चालले होते. काकांचा मुलगा प्रीतम मात्र उघड बोलत होता, की सापडली तर दोघांचे पाय तोडीन. तो नुसता बोलणारा गडी नाही, हे मी स्वतः एका हळदीच्या मांडवात पाहिलेलं आहे.

मनस्वीचं हल्लीचं काम घरून, इंटरनेटवर चालतं. ती राहील तिथं लाइन घेणार, आणि घेणार ती सुचिताकडूनच, हे काकांनी बरोबर ताडलं होतं.

सुचितानं भिंतीकडं बोट केलं. तिथं आमच्या मंडळाची नियमावली लॅमिनेट करून लावली आहे. कोपरखैरण्याच्या आसपासचे आम्ही जे छोटे इंटरनेटवाले आहोत, त्यांचं हे मंडळ. खाली पहिली सही काकांची, अध्यक्ष म्हणून. दुसरी माझी, बाबासो, चिटणीस.

"तुमीच वाचा, काका. दुसरा नियम."

काकांनी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती, तो त्यांचाच होता. ग्राहकाचं नाव, पत्ता, नंबर पोलिसांच्या लेखी पत्राशिवाय कुणालाही द्यायचा नाही, नातेवाइकालाही नाही.

"मी तिचा बाप हाय."

"म्हनून तर नातेवाइकालाही लिव्हलंय."

या भागात काकांना असं उत्तर देत नाहीत. सुचिताची मुख्य तार काकांच्याच गच्चीवरून जाते, एका कोयत्यात तिचं दुकान बंद पडेल.

"दुपारी मीटिंग लाव, बाबासो," काका माझ्याकडं न बघता म्हणाले. "ही मंडलात राहते का नाय, ते बघू." आणि गेले.

आता ही नियमावली कशी आली ते सांगितलं पाहिजे. ती मीच लिहिली, तरी तिचं मला फारसं कौतुक नव्हतं. किराणा दुकानात 'उधारी बंद' असा बोर्ड असतो ना, तशीच ही, असं मी म्हणायचो. सगळे लावतात आणि कुणी पाळत नाही. पूर्वी आमच्या धंद्यात कायदा म्हणजे कोयता होता. एकानं दुसऱ्याची तार कापायची, दुसऱ्यानं पहिल्याचा बॉक्स फोडायचा, आणि गिऱ्हाईक शिव्या घालत बसायचं. काकांनीच एके दिवशी सगळ्यांना बोलावलं. "सरकार नाकात वेसण घालायच्या आदी आपली आपन घालू," म्हणाले. तार कापणाऱ्याला कुणी आपल्या गच्चीवरून वाट द्यायची नाही, असं ठरलं. आम्ही सगळे एकमेकांच्या गच्च्यांवरून तारा नेतो, त्यामुळं मंडळातून काढलं की माणूस संपला. हा धाक लागू पडला.

दुसरा नियम वेगळ्या कारणानं आला. शेजारच्या उपनगरात एका इंटरनेटवाल्यानं नवऱ्याला सोडून राहणाऱ्या बाईचा पत्ता तिच्या भावाला दिला. भाऊच तो, असं म्हणून दिला. भावानं तिला इतकं मारलं की ती कायमची लंगडी झाली. त्या दिवशी काकांचे डोळे मी लाल झालेले पाहिले. टेबलावर हात आपटून ते म्हणाले होते, "नातेवाईक बी नाय. लिव्ह, बाबासो." मी लिहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मला तेव्हा आठवली नाही. आता आठवली.

आणि सुचिता? ती दिवाळे गावची, लग्न होऊन बोनकोड्यात आली. कुंदन काविळीनं गेला तेव्हा धंदा विकून टाक असं तिला सगळ्यांनी सांगितलं, मीही सांगितलं. तिनं उलट मशीन शिकून घेतलं. केसासारखी काचेची तार सोलून जोडणं हे भाकरी थापण्यापेक्षा सोपं आहे असं ती म्हणायची. मी दोन्ही करून पाहिलंय, तसं काही नाही. शिडी घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली की आतून आवाज यायचा, "मॅडम, माणूस पाठवा ना." ती म्हणायची, "मानूसच आलंय."

तेव्हापासून तिनं एक खोड लावून घेतली. कनेक्शनचे कागद बहुधा नवऱ्याच्या नावानं असतात, दारावरची पाटीही त्याचीच. सुचिता राउटर लावून झाला की घरातल्या बाईला विचारायची, "वहिनी, तुमचं नाव काय?" आणि वायफायला तेच नाव द्यायची, मराठीत. दारावर बापयाची पाटी असू दे, हवेत तरी बाईची लागू दे, हे तिचं म्हणणं. बायका लाजायच्या आणि मग शेजारणीला दाखवायच्या. कोपरखैरण्याच्या गल्लीतून फोन हातात धरून चाललात तर नावं उमटतात, राजेश्वरी, भिमाबाई, मालतीबाई. आम्ही इतर इंटरनेटवाले यावर हसायचो.

मनस्वी ऑफिसात होती तोवर ही नावं तीच कॉम्प्युटरवरून घालायची. दुसऱ्यांच्या घरांना नाव देता देता तिचं तरुणपण चाललं होतं. मग स्वतःचं घर झालं, भाड्याची एक खोली का होईना. त्या घराला तिनं काय नाव दिलं असेल, हे कुणीही सांगेल. सुचिताच्या ते ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळ जमलं. काका खुर्चीवर बसले. चिटणीस म्हणून मला उठावं लागलं. मी म्हणालो, "काका, नियम असा आहे की ज्याच्या घरचं प्रकरण, त्यानं अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं नाही."

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की आपल्या गावी, सांगलीला, परत जावं असं मला वाटलं. पण ते उठले आणि बाजूच्या बाकावर बसले. सुचिता उभी राहिली.

"मी पत्ता दिला नाय, देनार नाय. तुमी मला काढा. पन काढताना कारन लिव्हा. लिव्हा, की हिनं नियम पालला म्हनून काढली."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एकेकाच्या तारा काकांच्या गच्च्यांवर आहेत, मी कुणाला नावं ठेवू? तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला.

"राहू दे मंडलात," ते उठत म्हणाले. "पत्ता नको आता. माझ्या पोराला डोले हायेत."

त्यांनी फोन सुचितासमोर धरला. प्रीतमनं पाठवलेला फोटो होता. कुठल्याशा गल्लीत उभं राहून त्यानं आसपासच्या वायफायची यादी टिपली होती. त्यात इतर नावांच्या खाली एक नाव होतं, मनस्वी.

सुचिताचा चेहरा पांढराफटक पडला. काका निघून गेले. तिनं माझा हात धरला आणि आम्ही जवळजवळ पळत तिच्या ऑफिसात आलो. वाटेत ती एवढंच म्हणत होती, "मीच लावली ही खोड. मीच लावली."

खारघर वगैरे काही नव्हतं. दोघं कोपरखैरण्यातच होती, पायी जाण्याच्या अंतरावर. एका गल्लीत, बैठ्या घरावर मजले चढवलेले असतात ना, तशा घराच्या तिसऱ्या मजल्यावर. सुचितानं मनस्वीला फोन लावला. ती उचलेना. कामावर असली की ती कानाला हेडफोन लावते आणि स्वतःचा फोन बाजूला ठेवते. सुगत आता तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला, त्याचा फोन लॉकरमध्ये. मी पोलीस ठाण्यात फोन केला. "गाडी राउंडला आहे, पाठवतो," असं उत्तर आलं. कधी, ते सांगितलं नाही.

"नाव बदल," मी ओरडलो. "इथूनच बदल, तुला येतं ना!"

"येतं. पन त्यानं नाव बघितलंय, बाबासो. तो गल्लीत उभा हाय. आता ते पुसलं तर त्याला कलेल की पोरगी हितंच हाय नि तिला कुनी सावध केलंय. मग तो एकेक दार ठोकेल."

ती कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्यावर तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं होती. मग तिनं काय ठरवलंय ते सांगितलं. पुसायचं नाही, वाढवायचं. त्या गल्लीत, पुढच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, जिथं जिथं तिची लाइन आहे तिथं तेच नाव लावायचं. आणि तिनं कॉम्प्युटर सोडून फोन हातात घेतला.

"फोन कुणाला करतेस? बदल सरळ!"

"तिसरा नियम."

गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या राउटरला हात लावायचा नाही. मीच लिहिलेला. माझं डोकं फिरलं. तिकडं पोरीच्या जिवावर बेतलंय आणि ही बया नियम काढून बसली! मी तसं बोललोही, जरा जास्तच बोललो.

"एकदा न इचारता हात लावला," ती नंबर दाबत म्हणाली, "तर मी नि काका सारखेच झाले. उद्या तेच मला काढतील, नि बरोबर काढतील." आणि मग फोनमध्ये, "राजेश्वरीताई, मी सुचिता. ऐका, तुमचं वायफायचं नाव थोडा वेल बदलू का? मनस्वी करू? ... आपली मनस्वी, हो. तिचा भाऊ गल्लीत आलाय."

पलीकडून जे उत्तर आलं ते मला खुर्चीवरूनही ऐकू आलं. राजेश्वरीताईंचा आवाज तसा आहे. "इचारते काय, कर!"

एकीमागून एक. कुणाला समजावून सांगावं लागलं, कुणी अर्ध्यातच हो म्हणाली. एकीनं नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं, आणि सुचितानं तिचं नाव सोडून दिलं, हुज्जत घातली नाही. भिमाबाईंना, म्हणजे सुगतच्या आईला लावला. त्यांचं घर त्याच गल्लीच्या तोंडाशी; प्रीतम त्यांच्या घरावर नजर ठेवायलाच तिकडं गेला असणार. "माझं नाव काढून सुनेचं लावतीस?" त्या म्हणाल्या. "लाव. तिचंच घर हाय हे." मी माझ्या गिऱ्हाइकांना फोन करायला घेतले. माझ्याकडच्या बायका सुचिताकडच्या बायकांइतक्या पटकन ऐकेनात, कारण मी त्यांना कधी नाव विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली.

मधेच सुचिताचा फोन वाजला. पडद्यावरचं नाव बघून ती दाराबाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे पुसत होती. काही न बोलता तिनं कॉम्प्युटरवर आणखी एक नाव बदललं. कुणाचं, ते मी विचारलं नाही. मला घाई होती. मी गाडी काढली आणि गल्लीकडं निघालो.

प्रीतमची जीप गल्लीच्या तोंडाला आडवी लावली होती. आत तीन-चार पोरं. प्रीतम स्वतः फोन तळहातावर धरून, विहिरीसाठी पाणी शोधणाऱ्या पाणाड्यासारखा, एकेक पाऊल टाकत चालला होता. नावापुढच्या रेघा जिथं सगळ्यात भरलेल्या, तिथं ती. मी वडापावच्या गाडीआड उभा राहिलो. घर कोणतं ते मला सुचितानं सांगितलं होतं. तो बरोबर त्याच घरापाशी थांबला, जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं पाय ठेवला, आणि पोरांना हात केला. पोरं जीपमधून उतरली. एकाच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता.

तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि आत दिवा होता.

प्रीतमनं पुन्हा एकदा फोनकडं पाहिलं. आणि पाय पायरीवरून काढला. समोरच्या घराकडं वळला. तिकडून दोन पावलं मागे आला. फोन झटकला, बंद करून चालू केला. मी माझा फोन काढून बघितला. यादीत मनस्वी, त्याखाली मनस्वी, त्याखाली मनस्वी. बोट सरकवत गेलं तरी तेच.

"काय झालं?" पोरांतल्या एकानं विचारलं.

"तिनं केलंय. सुचितावहिनीनं." प्रीतमनं शिवी हासडली आणि समोरचं दार हाणलं. दार उघडलं ते राजेश्वरीताईंनी, हातात लाटणं, पदर खोचलेला.

"मनस्वी कुठं हाय?"

"मीच मनस्वी," त्या म्हणाल्या. "काय काम हाय?"

वरच्या गॅलऱ्यांमधून बायका डोकवायला लागल्या. नुसत्या बघत राहिल्या, आणि पोरांचा अर्धा जोर तिथंच गेला. मी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद झाली होती, दिवा गेला होता. सुचिताचा निरोप शेवटी पोहोचला असावा. प्रीतम मात्र हटत नव्हता. तो म्हणत होता, सगळी घरं बघू, एकेक करून बघू.

तेवढ्यात काका आले, रिक्षातून. प्रीतमनंच बोलावलं असणार. त्यांनी मुलाच्या हातातून फोन घेतला, यादी बघितली. मग तो फोन धरून ते गल्लीतून चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत आले. म्हातारा माणूस, वर माना काढून उभ्या असलेल्या बायका, आणि हातात पोरीचं नाव पुन्हा पुन्हा उमटतंय. भिमाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. मघाशी मीटिंगमध्ये मला त्यांची भीती वाटली होती. आता मात्र त्यांच्याकडं बघवेना.

पोलिसांची गाडी गल्लीत वळली. पोरं जीपमध्ये चढली, प्रीतमही चढला, पण जाताना म्हणाला, "अंधार परू दे."

काका माझ्यापाशी आले. "घरी सोर मला," एवढंच म्हणाले.

बोनकोड्यात त्यांच्या ओट्यावर सखूकाकी सुपात सुकट निवडत बसली होती. काका पायरीवर टेकले. सवयीनं फोन काढला. त्यांच्या घरची लाइन कुंदनच्या वेळेपासून सुचिताकडचीच; घरी आलं की वायफाय आपोआप लागतं, आज लागलं नाही. त्यांनी यादी उघडली. सगळ्यात वर, पूर्ण भरलेल्या रेघांनिशी, मनस्वी.

काका ताडकन उठले. दारातून आत बघत त्यांनी विचारलं, "आलीय?" तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"नाय," काकी म्हणाली. नजर सुकटीवरच. "लाइन माझ्या नावावर हाय. बायकांकडून कललं, तसा मीच सुचिताला फोन केला. बोलले, समद्या गावाच्या घरांवर माझे पोरीचं नाव लावतेस, मंग माझे घरावर कवा लावशील?"

काका पुन्हा खाली बसले. कितीतरी वेळ त्यांनी फोनवरचं नाव पुसलं, म्हणजे अंगठ्यानं काच पुसत राहिले. मग प्रीतमला फोन लावला. "घरी ये. ... नाय, अंधार परला तरी नाय. आता ये. तिच्या केसाला धक्का लागला तर तू माझा कोनी नाय." फोन खाली ठेवला. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच बस म्हटलं.

मग काकीकडं न बघता त्यांनी विचारलं, "तिचा नवा नंबर हाय तुझ्याकडं?"

"हाय. तिनंच दिलाय."

"दे."

काकीनं सुकटीतला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तिला इचारते," ती म्हणाली. "ती हो बोलली तर देते."

आणि तिनं सूप त्यांच्यापुढं सरकवलं.